चढावरची नऊ मिनिटं

घरं दाखवणारी एजंट म्हणाली, स्टेशनपासून सात मिनिटं. मी विचारलं, "जाताना की येताना?" तिला प्रश्नच कळला नाही. ती गाडीतून आली होती.

हार्ट्सडेल हे न्यूयॉर्कच्या उत्तरेचं एक उपनगर. तिथला ईस्ट हार्ट्सडेल अॅव्हेन्यू खाली स्टेशनापाशी सुरू होतो आणि सेंट्रल अॅव्हेन्यूच्या दिशेने चढत जातो. उतरताना सात मिनिटं, हे खरंच. चढताना, पाठीला लॅपटॉप आणि हातात दुधाचा गॅलन असेल तर नऊ. फ्लॅट आतून बघायच्या आधीच मी हा रस्ता दोनदा चालून, घड्याळ लावून हे ठरवलं होतं. नवरा तेवढा वेळ गाडीत बसून होता. त्याच्या मते घर आतून बघायचं असतं.

आधी आम्ही न्यू जर्सीत सतरा वर्षं एका घरात काढली. घर चांगलं होतं. मागे अंगण, पुढे हिरवळ, दोन गाड्यांचं गॅरेज. फूटपाथ मात्र नव्हता. म्हणजे घरातून निघून पायी जावं अशी जागाच नव्हती. गेलात तर लोक गाडी हळू करून विचारणार, काही मदत हवी आहे का. मी गाडी शिकले चौतिसाव्या वर्षी, रडत रडत, आणि ती मला कधी आवडली नाही. पुढे लेक कॉलेजला गेली आणि त्याच वर्षी नवऱ्याच्या डोळ्यांचं निघालं. समोरून येणाऱ्या दिव्यांची वर्तुळं दिसायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, रात्री गाडी नको. त्या रात्री आम्ही दोघं जेवायला बसलो आणि लक्षात आलं की साडेचारला अंधार पडणाऱ्या डिसेंबरात आता या घरातून बाहेर कोण पडणार, तर मी. रडत शिकलेली मी.

म्हणून शोध सुरू झाला तो घराचा नव्हता, रस्त्याचा होता.

अमेरिकेत पायी जगता येईल अशी उपनगरं शोधायची तर नकाशावर आधी जुनी रेल्वे शोधावी, हे मला तेव्हा कळलं. मॅनहॅटनहून उत्तरेला जाणारी हार्लेम लाइन मोटारगाडीपेक्षा कितीतरी जुनी. न्यूयॉर्क अँड हार्लेम रेलरोडला सनद मिळाली १८३१ साली, आणि १८४४ मध्ये गाडी व्हाइट प्लेन्सला पोचली. त्या काळात स्टेशनावर उतरलेला माणूस पुढे चालतच जाणार होता. त्यामुळे दुकानं, चर्च, पोस्ट, घरं सगळं चालण्याच्या अंतरात वसलं. महामार्गांनंतर वसलेल्या गावांना ही सक्ती नव्हती, म्हणून ती पसरली. ब्राँक्सव्हिल, टकाहो, स्कार्सडेल, हार्ट्सडेल ही नावं मी स्टेशनं म्हणूनच पाठ केली. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, फलाटाच्या बाहेर यायचं आणि वीस मिनिटं चालायचं. कुठे काय विकायला आहे ते नंतर.

हार्ट्सडेलचं स्टेशन मला बघताक्षणी आवडलं. छोटंसं, उतरत्या छपराचं, एखाद्या इंग्रजी खेड्यातलं वाटावं असं. ते ज्या वॉरन अँड वेटमोर या वास्तुकारांनी आखलं, त्यांचा मॅनहॅटनच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या बांधणीतही हात होता. म्हणजे रोज सकाळी मी त्यांच्या छोट्या कामातून निघणार आणि त्यांच्या मोठ्या कामात उतरणार. रुळांना लागून ब्राँक्स नदी. नदी कसली, आपल्याकडे तिला ओढा म्हटलं असतं. एकेकाळी ती इतकी घाण झाली होती की तिच्या काठची जमीन ताब्यात घ्यायला १९०७ साली आयोग नेमला, आणि त्यातून १९२५ मध्ये ब्राँक्स रिव्हर पार्कवे पुरा झाला. रस्ता मोटारींसाठीच, पण त्याच्या कडेने झाडी राहिली, झाडीतून पायवाट राहिली. आता वर्षातल्या ठरावीक रविवारी त्याच पार्कवेचा एक तुकडा गाड्यांना बंद ठेवून सायकलींना मोकळा करतात. नवऱ्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "बघ, गाड्यांनीही रविवारी चालावं असं वाटतं यांना." तो अजून नाखूश होता.

स्टेशनापासून वर चढणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना विटांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या. वेस्टचेस्टरमध्ये, म्हणजे हार्ट्सडेल ज्या काउंटीत (जिल्ह्यात) येतं तिथे, एकेका एकरात एकेक बंगला असताना इथेच एवढी दाटी का, तर पुन्हा रेल्वे. मुळात बऱ्याचशा भाड्याच्या. १९७० आणि ८० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या आसपासच्या हजारो घरमालकांनी हिशोब केला की भाड्यावरची बंधनं आणि तेलाचे भाव यांत इमारत ठेवण्यापेक्षा ती भाडेकरूंनाच विकलेली बरी. तशा त्या को-ऑप झाल्या, म्हणजे राहणाऱ्यांच्याच कंपनीच्या मालकीच्या. मला हवा होता तो फ्लॅटही को-ऑपच निघाला. दुसरं काही त्या नऊ मिनिटांत परवडणारं नव्हतंच.

आईला फोनवर सांगितलं, घर घेतोय.

"कागद तुमच्या नावावर होतील ना?"

"कागद होतील. घर नाही."

पलीकडे जरा शांतता. मग, "कुणी फसवत तर नाही ना गं तुम्हाला?"

समजावायला अर्धा तास लागला, आणि समजावता समजावता मलाही थोडंफार समजलं. इमारत एका कंपनीची असते. आपण कंपनीचे शेअर घ्यायचे. त्या शेअरच्या जोरावर कंपनी आपल्याला एक फ्लॅट राहायला देते आणि त्याचा करार करते, त्याला प्रोप्रायटरी लीज म्हणतात. म्हणजे मालकही मीच, भाडेकरूही मीच. आमच्या फ्लॅटला ४१० शेअर होते. अगदी तशाच, पण दोन मजले वर आणि खिडक्या झाडांकडे उघडणाऱ्या फ्लॅटला ४३५. कधीकाळी कुणीतरी टेबलाशी बसून उजेडाचे पंचवीस शेअर मोजले होते.

आई म्हणाली, "आपल्या सोसायटीचं पण आहे की सर्टिफिकेट. पन्नास पन्नास रुपयांचे पाच शेअर. तुझ्या बाबांच्या फायलीत असेल." बरोबर होतं तिचं. फरक एवढाच की तिच्या फायलीत त्याच्या आधी घराचा नोंदवलेला करारनामा आहे. इथे सर्टिफिकेट हेच घर. कायद्याच्या नजरेत ते स्थावरही नाही, जंगम आहे. म्हणून त्यावरचं कर्ज हे खऱ्या अर्थाने गहाणखत नसतं, बँक शेअर तारण ठेवते. आणि म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये गहाणखत नोंदवताना भरावा लागणारा कर को-ऑपवाल्यांना लागत नाही. वकिलाने हे मला फायदा म्हणून सांगितलं. मी मात्र तो एक शब्द घेऊन घरी आले. पन्नाशीनंतर कुठेतरी कायमचं टेकावं म्हणून निघाले होते आणि हाती येणार होतं ते जंगम. त्याच आठवड्यात कळलं की आमच्या त्या रस्त्याहून थोड्या अंतरावर प्राण्यांची दफनभूमी आहे, १८९६ पासूनची, अमेरिकेतली पहिली. हार्ट्सडेलमध्ये कुत्र्यामांजरांना कायमची जागा मिळते, ती अशी.

दर महिन्याला मेंटेनन्स भरायचा. त्यात सगळ्यांचं मिळून येतं : इमारतीवरचा मालमत्ता कर, इमारतीने स्वतः काढलेल्या कर्जाचा हप्ता, वाफेची ऊब, गरम पाणी, सुपरचा, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाचा, पगार. कर एकाच बिलाने येतो, कर्जही एकच. एखाद्याने मेंटेनन्स थकवला तर त्याचा वाटा बाकीच्यांच्या खिशातून जातो. ही गोष्ट नीट कळली की मग पुढची चौकशी तितकी उर्मट वाटत नाही. तितकी.

कारण को-ऑपमध्ये पैसे असून भागत नाही. बोर्डाने, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या समितीने, तुम्हाला घ्यावं लागतं.

आमचं बोर्ड पॅकेज भरलं १८२ पानांचं. दोन वर्षांचे कर-विवरण, बँकांचे तपशील, नोकरीचं पत्र, कर्जं, विमे, निवृत्तीचे पैसे. एका पानावर 'आपल्याकडे काय आहे' आणि दुसऱ्यावर 'आपण किती देणं लागतो' असं मांडायचं होतं, आणि ते मांडताना आम्ही नवराबायको वीस वर्षांत पहिल्यांदाच एका टेबलाशी बसून आपला पसारा आकड्यांत बघत होतो. त्याच्या नावावर एक विसरलेलं खातं निघालं, ३१४ डॉलरचं. माझ्या नावावर त्याला न सांगितलेलं एक निघालं. कितीचं ते इथेही सांगत नाही.

पण खरी गंमत होती ती पत्रांत. प्रत्येकी तीन ओळखीच्या माणसांनी लिहून द्यायचं की हे लोक कसे आहेत. पत्रं आमच्याकडूनच जाणार होती, म्हणजे वाचायला मिळणार होती. माझ्या ग्रंथालयातल्या सहकारीने लिहिलं की ही दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडत नाही. मैत्रिणीने इतकं गोड लिहिलं की ती माझ्याबद्दल लिहितेय असं वाटेना. नवऱ्याच्या मित्राने ग्वाही दिली की तो गातो, पण नऊनंतर नाही. शेवटचं पत्र आमच्या शेजारणीचं. सतरा वर्षं शेजारी राहिलेली. तिने चार ओळी लिहिल्या होत्या. आम्ही शांत आहोत. हिरवळ नीट ठेवतो. कचऱ्याचे डबे त्याच दिवशी आत घेतो.

मी ते पत्र बराच वेळ हातात धरून होते. एकही शब्द खोटा नव्हता. वाईट वाटावं असंही काही नव्हतं. मीच तिच्याबद्दल लिहायला बसले असते तर काय लिहिलं असतं? पांढरी गाडी. नाताळात दाराला फुलांचं कडं. एकदा, बहुधा २०११ च्या हिमवादळात दिवे गेले तेव्हा, ती मेणबत्त्या घेऊन आली होती. सतरा वर्षं आम्ही एकमेकींना काचेआडून हात केला होता.

आमच्या वकिलाचं काम याच्या उलटं. तो जाऊन इमारतीचे कागद वाचतो. बोर्डाच्या तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं वाचून त्याने फोन केला. छप्पर नवं आहे. बॉयलर तेलावरून गॅसवर नेलाय. गंगाजळी बरी आहे. आणि लॉबीतल्या सोफ्याला कोणत्या रंगाचं कापड घालायचं यावर सात बैठका झाल्यात.

"हे वाईट लक्षण आहे का?" मी विचारलं.

"उत्तम लक्षण. छप्पर गळत असतं तर सोफ्यावर भांडायला कुणाला वेळ झाला असता?"

मुलाखतीची तारीख येईपर्यंत मी जे मिळेल ते वाचत सुटले. को-ऑपला दोन वेगळे आजोबा आहेत असं माझं मत झालं. एक मजूर आजोबा. ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये फिनलंडहून आलेल्या कामकऱ्यांनी १९१६ मध्ये पैसे एकत्र करून इमारत बांधली, नाव ठेवलं आल्कू, म्हणजे आरंभ. १९२७ मध्ये ब्राँक्समध्ये शिवणकाम करणाऱ्यांच्या युनियनने आपल्या लोकांसाठी अमलगमेटेड हाउसिंग उभं केलं. घरमालक नको, नफा नको, सगळ्यांनी मिळून राहू. दुसरे आजोबा श्रीमंत. १८८० च्या दशकात मॅनहॅटनमध्ये निघालेले होम क्लब, ज्यांत सभासद आपला शेजार आपण निवडत. आणि शेजार निवडायचा म्हटलं की कुणाला तरी वगळायचं आलंच. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सच्या १९२० च्या दशकातल्या बागवाल्या को-ऑप सुंदरच, पण ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना तिथे दार बंद होतं. त्याच जॅक्सन हाइट्सला ७४व्या रस्त्यावर आपण कढीपत्ता आणायला जातो. ही माहिती मिळाल्यापासून मी तिथल्या विटांच्या इमारतींकडे मान वर करून बघते.

आमच्या मुलाखतीला यांतले कोणते आजोबा येणार, हे कळायला मार्ग नव्हता. निक्सनना राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर १९७९ मध्ये मॅनहॅटनच्या एका को-ऑपने नाकारलं. १९८५ मध्ये मॅडोनाला नाकारलं. त्यांची कीव यायचं काही कारण नाही, पण नाव, पैसा सगळं असून नकार मिळतो आणि कारण मिळत नाही, याने माझी झोप उडवली. कारण माझं काय? माझं आडनाव. बोर्ड वंश, धर्म, रंग यांवरून नाकारू शकत नाही, हा कायदा आहेच. पण कारणच सांगायचं नसेल तर कायदा कशाला धरणार? वेस्टचेस्टर काउंटीने निदान यात हात घातला. २०१८ च्या कायद्याने बोर्डांना उत्तराची मुदत घातली, पुढे नकाराचं कारणही द्यायला लावलं. हे वाचून मला ज्या रात्री झोप लागली ती रात्र मला आठवते.

न्यायालयं मात्र बोर्डाच्या कारभारात सहसा पडत नाहीत. यावरचा नेहमी सांगितला जाणारा निकाल १९९० चा, न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पायरीच्या न्यायालयाचा, आणि तो आहे एका स्वयंपाकघराबद्दल. एका गृहस्थांना ओटा-बिटा नीट मांडायला वाफेचा पाइप सरकवायचा होता, बोर्डाने नाही म्हटलं. न्यायालय म्हणालं, बोर्ड सद्‌हेतूने, अधिकारात राहून आणि सगळ्यांच्या भल्यासाठी वागत असेल तर आम्ही आमची अक्कल मध्ये घालणार नाही. मजा म्हणजे ते गृहस्थ स्वतः बोर्डाचे अध्यक्ष होते.

मुलाखत तळघरातल्या खोलीत झाली, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. भिंतीपलीकडे ड्रायर फिरत होता आणि त्यात कुणाचं तरी बटण दर फेरीला टण्ण वाजत होतं. पाच माणसं. मी दाखवण्याच्या कार्यक्रमांतून गेलेली बाई, मला सवय होती, नवऱ्याला नव्हती. तो त्या बाजूला कधी बसलाच नव्हता. गळ्याशी आलेली कॉलर सैल करत तो इतक्या नम्रपणे उत्तरं देत होता की मला थोडंसं बरं वाटलं, हे कबूल करते. कुत्रं आहे का. वाद्य वाजवता का. भिंती पाडायचा विचार आहे का. फरशीच्या ऐंशी टक्के भागावर गालिचा घालावा लागतो, माहीत आहे ना. घरात वॉशिंग मशीन बसवता येत नाही, माहीत आहे ना. भाड्याने देता येत नाही, विकताना इमारतीला फ्लिप टॅक्स नावाची रक्कम द्यावी लागते, माहीत आहे ना. गॅरेजला मोठी यादी आहे, माहीत आहे ना. नवऱ्याने इथे माझ्याकडे पाहिलं.

टेबलाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ होते. ते इतका वेळ आमची १८२ पानं उलटत होते. त्यांनी एकच विचारलं : "इथेच का?"

तयार करून आणलेलं उत्तर होतं, पण तोंडातून निघालं, "खालून वर यायला मला नऊ मिनिटं लागतात."

ते हसले. "मी आलो तेव्हा सहा लागायची. १९८७. आता मध्ये टेकावं लागतं."

बारा दिवसांनी एका ओळीची ईमेल आली.

क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा करायच्या दिवशी, वकिलाच्या कचेरीत नऊ-दहा माणसं आणि कागदांचा ढीग. शेअर सर्टिफिकेट माझ्यासमोर आलं, नक्षीची किनार असलेलं, त्यावर आमची दोघांची नावं. ४१०. मी नावाचं स्पेलिंग तपासलं, आणि तेवढ्यात बँकेच्या प्रतिनिधीने ते उचलून आपल्या पाकिटात घातलं. कर्ज फिटेपर्यंत ते तिकडेच. माझ्याजवळ त्याची झेरॉक्स आहे. आईला तिचा फोटो पाठवला तेव्हा तिने विचारलं, "ओरिजिनल कुठाय?"

राहायला लागल्यावर कळलेल्या गोष्टी वेगळ्याच. वाफेचं रेडिएटर पहाटे पाचला फुत्कारतं आणि घर इतकं तापतं की जानेवारीत खिडकी उघडावी लागते. ऊब किती हवी हे ठरवणारी खुंटी आपल्या हातात नाही, ती सगळ्यांची मिळून एक आहे. पहिल्या हिवाळ्यात मला याचा राग आला. शेजाऱ्याच्या घरात काय शिजतंय ते जिन्यात कळतं, आणि आपलंही त्यांना कळतं. मोहरीची फोडणी टाकताना सुरुवातीला मी दाराखाली टॉवेल लावायचे. आता नाही लावत. मेंटेनन्स दोनदा वाढला. सोफा शेवटी राखाडी झाला, कुणालाच आवडलेला नाही.

आणि रस्ता. मला वाटलं होतं मी चालायला मिळावं म्हणून इथे येतेय. चालताना लोक बघतात, हे मी हिशोबात धरलं नव्हतं. ड्रायक्लीनर काचेतून बघतो. भाजीच्या दुकानातली जपानी बाई बघते. मुळे घेतले की विचारते, आज काय करणार. सुपरला माझी ट्रेन पाठ आहे, ५.४८ चुकली तर तो सहा-वीसला दारात असतो आणि नुसता घड्याळाकडे बोट करतो. गेल्या वर्षी मला फ्लू झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. टेबलाच्या टोकाचे ते म्हातारे गृहस्थ, हातात सूप. "दोन दिवस दिसली नाहीस," म्हणाले. मला आधी कोणती भावना झाली सांगू? संकोच. म्हणजे हे मोजत होते? मग सूप प्यायले.

नवरा अजून आठवड्यातून एकदा गाडी पुसायला जातो. ती चढाच्या वर, भाड्याच्या जागेत असते. इमारतीच्या गॅरेजच्या यादीत आमचा नंबर होता ३१. पहिल्या वर्षी तो दर तीन महिन्यांनी मॅनेजरला विचारायचा. ३१ चे २९ झाले. मग विचारणं कमी झालं. मग त्याने रात्री नदीकाठची वाट धरली, आधी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आणि नंतर तिथे एक बगळा येतो म्हणून.

परवा टपालात पत्र आलं. आपला क्रमांक आला आहे, दहा दिवसांत कळवावे, न कळवल्यास जागा पुढच्या सभासदास देण्यात येईल. खाली दोन चौकोन, हवी आणि नको. ते पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलंय. आज आठवा दिवस. मी त्याला काही विचारलेलं नाही, त्याने मला काही सांगितलेलं नाही, आणि मघाशी तो कोट घालून बगळा बघायला खाली गेला.